माळेचा चौथा दिवस

नाना, तुम्ही काविळीनं गेलात असं मी एकवीस वर्षं सगळ्यांना सांगत आले. ऑफिसात सांगितलं, मला बघायला आलेल्या पाहुण्यांना सांगितलं, गावाकडच्या काकांना तर इतक्यांदा सांगितलं की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. दोन महिन्यांपूर्वी कुकटपल्लीच्या एका दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी धाकट्या भावाचा फॉर्म पुढ्यात ओढला आणि विचारलं, घरात आणखी कुणाला दारूचा त्रास होता का. मी तोंड उघडायच्या आत आई बोलली. "नै डाक्टरम्मा. इसके बाप तो स्वामी थे. हर साल माला डालते थे." तिच्या आवाजात एवढा अभिमान होता की डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. मी म्हणाले, होता. वडिलांना होता, आणि त्यातच गेले. आई उठली आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. तेव्हापासून ती मला वाढते, माझे कपडे घडी घालून ठेवते, पण कामाशिवाय बोलत नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी आपल्या घरातली भांडणं तुमच्यावरूनच होतात. मला तुमचा राग आलाय, आणि तो एवढा उशिरा आलाय याचाही राग आलाय.

तुमच्या त्या माळेबद्दलच बोलायचंय. कार्तिक लागला की तारनाक्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये बरेच पुरुष काळ्या लुंगीत आणि अनवाणी दिसायचे. शेजारचे गार्डसाहेब तिथले गुरुस्वामी. ते पुष्कळ वर्षं अय्यप्पाच्या डोंगरावर जाऊन आलेले, म्हणून बाकीच्यांच्या गळ्यात माळ तेच घालायचे. आपण उदगीरकडची माणसं, आपल्यात हे कधी नव्हतं. पण त्यांनी एका वर्षी तुमच्याही गळ्यात माळ घातली आणि पुढचे एक्केचाळीस दिवस आमच्या घरात दुसराच माणूस राहायला आला. पहाटे नळाच्या गार पाण्यानं अंघोळ, एक वेळ जेवण, जमिनीवर झोप. वर्कशॉपमधून सुटलात की थेट घरी. आई तुम्हाला स्वामी म्हणायची, आम्हालाही स्वामी म्हणायला लावायची. "स्वामी, चहा झालाय." मी अकरा वर्षांची आहे, तुम्ही माझ्यासमोर मांडी घालून बसलेले आहात आणि मला अपूर्णांक शिकवताय, एका भाकरीचे आठ तुकडे करून. तुमच्या अंगाला विभूतीचा वास येतोय. एवढा हुशार, एवढा मऊ बोलणारा बाप आपल्याला आहे हे मला त्या कार्तिकात कळलं. मग तुम्ही डोंगरावरून परत आलात, प्रसादाचा डबा आईच्या हातात दिलात, दिव्यासमोर माळ उतरवलीत आणि संध्याकाळच्या आत स्टेशनजवळच्या वाइन्सवर गेलात. दुसऱ्या दिवशी आई रडत होती तर तिलाच म्हणालात, "बघितलंस ना? मनात आणलं की सुटते."

या वाक्यानं आमचा घात केला, नाना. शेत काकांनी घेतलं, क्वार्टर रेल्वेनं परत घेतलं, आमच्या वाट्याला हे वाक्य राहिलं. तुमची दारू हा आजार असेल असं घरात कुणाच्या मनातही आलं नाही, कारण दरवर्षी तुम्ही पुरावा द्यायचात. एक्केचाळीस दिवस सोडतो म्हणजे हवं तेव्हा सोडू शकतो. उरलेले तीनशे दिवस काय करतो ते कुणी बघायचं नाही. मावशी म्हणायची, मामा म्हणायचे, आई तर अजून म्हणते. आणि तुमच्या मागं जेव्हा धाकट्यानं बाटली धरली तेव्हा आम्ही त्याला डॉक्टरकडे नेलं नाही, दुसऱ्या एका गुरुस्वामींकडे नेलं. त्यानंही तुमच्यासारखीच सहा वर्षं माळ घातली, सहा वर्षं नेमानं सोडली आणि सहा वर्षं नेमानं पुन्हा धरली. त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी गेली तेव्हा आई तिलाच नावं ठेवत होती, थोडं थांबली असती तर कार्तिक आलाच होता म्हणून.

या वर्षी तो नको म्हणत होता. मी ऑफिसला निघाले तर चपला घालेपर्यंत माझ्यासमोर उभा राहिला. आम्ही दोघं लहानपणापासून एकमेकांशी क्वार्टर्समधलीच भाषा बोलतो. "अक्का, इस साल मेरेसे नै होता. अम्मा को बोल ना." मला लोकल गाठायची नव्हती की काही नव्हतं, नुसतं बसस्टॉपवर जायचं होतं, तरी मी म्हणाले, संध्याकाळी बघू. संध्याकाळपर्यंत माळ गळ्यात पडली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी पूजेला बसला तर हातातलं आरतीचं ताट वाजायला लागलं. अंगाला दरदरून घाम. भिंतीवर मुंग्या चढतायत म्हणाला, भिंत तर कोरी होती. आईनं हात जोडले. "स्वामी आले गं अंगात," असं म्हणून तिनं आणखी कापूर पेटवला. तेवढ्यात तो आडवा झाला, डोळे वर गेले, दातखीळ बसली. मी हे आधी पाहिलेलं होतं. मी त्याला कुशीवर वळवलं, ताट लाथेनं बाजूला सारलं आणि ॲम्ब्युलन्सला फोन केला. आई म्हणाली, "पाय लावलास देवाला."

दवाखान्यात डॉक्टरीणबाई आमच्यावर भडकल्याच. एकदम बंद करायला कुणी सांगितलं, असं त्यांनी तीनदा विचारलं. इतकी वर्षं रोज पिणाऱ्यानं एका दिवसात सोडली की शरीर असंच उलटतं, फिट येते, नसलेलं दिसायला लागतं, माणूस दगावतोसुद्धा. ती डॉक्टरच्या नजरेखाली, औषधं देऊन उतरवायची असते. आणि दरवर्षी अशी सोडायची आणि धरायची म्हणजे दर खेपेला आधीपेक्षा वाईट. नंतर त्या हे शांतपणे समजावत होत्या. त्या धाकट्याबद्दल सांगत होत्या आणि मला तुम्ही दिसत होता.

आठवड्यानं त्याचं अंग शांत झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा फक्त विषाचा निचरा झाला, खरा उपचार पुढं, निदान तीन महिने राहून. त्यांच्या ओळखीच्या केंद्रात लगेच जागा नव्हती, म्हणून मी शोधायला निघाले. नाना, या शहरात चांगला शिंपी शोधायचा तर दहा जण पत्ता देतात. याचा पत्ता कुणी देत नाही, आणि मला विचारायचीही चोरी. फोनवर ज्याला त्याला पेशंटच्या आधी बजेट ऐकायचं होतं. अंबरपेठेतलं एक ठिकाण बघितलं: साधं घर, खिडक्यांना पत्रे ठोकलेले, आत डोकी भादरलेली माणसं भिंतीला टेकून बसलेली, एकानंही वर बघितलं नाही. मालक स्वतः दारूतून सुटलेला म्हणे. "मॅडम, टेन्शन नक्को. चार लडके भेजते, उठाके लाते. डेढ महिना मिलने का नै, फोन का नै." डॉक्टर कधी येतात विचारलं तर हसला. शहराबाहेरच्या दुसऱ्या एका ठिकाणी पोहण्याचा तलाव होता आणि जेवणाचा मेनू छापलेला होता, पण डॉक्टर तिथंही आठवड्यातून एकदाच. सरकारी दवाखान्यात सोय होती आणि खर्चही जवळजवळ नव्हता, तर आई म्हणाली, वेड्यांच्या दवाखान्यात माझा लेक जाणार नाही. तलाववाल्यांकडे जायची तिची तयारी होती, कारण तिथं हवापालट म्हणून सांगता आलं असतं. अखेर डॉक्टरीणबाईंच्या केंद्रात एक खाट मोकळी झाली आणि मी पळत गेले.

पैशाचं ऐका. धाकट्याच्या कंपनीची पॉलिसी होती, पण दारू म्हटलं की ती पॉलिसी हात वर करते. विम्याच्या खिडकीवरचा माणूस चांगला होता, मला बाजूला घेऊन म्हणाला, "गॅस्ट्रिक लिखवा लेव मॅडम, सब वैसाइच करते." आई लगेच म्हणाली, लिही की, काय बिघडतंय. मी पेन हातात धरून उभी होते. तुमची कावीळ आठवली. आम्ही तेव्हाही असंच सोयीचं लिहिलं, सोयीचं सांगितलं, आणि म्हणून धाकट्याला कधी कळलं नाही की त्याचा बाप कशानं गेला. कळलं असतं तर कदाचित त्यानं ती माळ घालून घेतली नसती. मी खरं ते लिहिलं आणि पॉलिसी गेली. माझी एफडी मोडली, पीएफमधून उचल घेतली. तुम्ही नोकरीत असताना गेलात म्हणून अनुकंपेवर मला लागलेली ही नोकरी, तीच कामाला आली. मामांना विचारलं तर म्हणाले, याची काय गॅरंटी? याच मामांनी दरवर्षी माळेच्या अन्नदानाला न मागता पैसे दिलेत, तांदूळ दिलाय, तेव्हा गॅरंटी कुणी विचारली नव्हती. मला त्यांच्या तोंडावर हे म्हणायचं होतं. मी बरं म्हणून फोन ठेवला.

आणि आता काय झालंय ते सांगते. परवा त्याला तिथं एक्केचाळीस दिवस झाले. भेटायला गेले तर केस विंचरून, बॅग भरून बसला होता. "अक्का, अब छूट गई. कायको पैसे डालरी? घर ले जा." आईही, जी माझ्याशी दोन महिने कामापुरतंच बोलत होती, ती रिक्षात आपणहून बोलली. "सुटली की आता. आण त्याला." दोघांच्या तोंडी तुम्हीच, नाना. क्षणभर वाटलं न्यावं. किती छान दिसत होता, गाल भरले होते, मुलीच्या शाळेचं विचारत होता. तुम्हीही असेच दिसायचात. मी काउंटरवर जाऊन पुढच्या दोन महिन्यांचे पैसे भरले आणि पावती त्याच्यासमोर बॅगेवर ठेवली. तो मला हौली, म्हणजे खुळी, म्हणाला, आणखीही बरंच म्हणाला. आई रडली. मी दोघांशीही भांडले नाही, कारण जे भांडायचं होतं ते त्यांच्याशी नव्हतं.

तिथल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, शनिवारी घरच्यांची बैठक आहे, त्याच्या पिण्यानं तुमचं काय झालं ते त्याला पत्रात लिहा आणि त्याच्यासमोर वाचा. राग असेल तर रागच लिहा. म्हणून आज जेवण झाल्यावर वही घेऊन बसले आणि पहिलाच शब्द नाना लिहिला गेला. हे मी शनिवारी वाचणार नाही. त्याच्यासाठी दुसरं लिहीन, आणि त्यात तुम्ही कशानं गेलात ते मात्र असेल.

तुम्ही गेलात तो तुमच्या माळेचा चौथा दिवस होता. तुम्हाला छपरावर वर्कशॉपमधली माणसं दिसत होती, तुम्ही त्यांच्याशी बोलत होता, हात थरथरत होते, डोळे लाल. आईनं घंटा वाजवली आणि क्वार्टर्समधल्या बायका जमल्या. सगळ्या शरणं शरणं म्हणत होत्या, एकेक जण तुमच्या पाया पडत होती आणि तुम्हाला काय काय विचारत होती. गार्डसाहेब आले, तुमच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, "इदि स्वामी कादु अम्मा. हॉस्पिटल." हा देव नाही, दवाखान्यात न्या. ज्यानं तुमच्या गळ्यात माळ घातली तोच म्हणत होता, नाना, आणि आईनं त्याला घराबाहेर काढलं. दुपारी तुम्हाला फिट आली. दवाखान्याच्या दारापर्यंत तुम्ही पोचला नाहीत. आईवर मी इतकी वर्षं मनातल्या मनात चिडत आले, धाकटा तेव्हा सोळाचा होता, त्याला काय कळणार, पण मी चोवीस वर्षांची होते, पदवीधर होते.

त्या रांगेत आईच्या मागं मी होते. तुमचे पाय तापानं पोळत होते, हाताला चटका बसला, मला कळलं होतं. तरी मी डोकं टेकवलं आणि नोकरी मागितली. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, मिळेल.