माझी गोळी, बिरजूचे पाय

३ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून किडनीची नवी गोळी. रोज सकाळी एक. गडचिरोलीच्या डॉक्टरने पुन्हा पुन्हा बजावलं: राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, गुडघ्यासाठी पेनकिलर बंद, रक्त तपासायला यायचं, आणि ही गोळी दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. मी एसटीत कंडक्टर होतो. शिस्त मला शिकवायची गरज नाही. बायको म्हणते, "मी देत जाऊ का रोज?" रंभाला स्पष्ट सांगितलं, माझं मी बघतो.

९ नोव्हेंबर
पायांची सूज उतरली. रंभा म्हणते, मीठ कमी केल्यामुळे. अर्थातच गोळीमुळे. मधे खाडे झाले, पण ते धान कापणीमुळे. शिवाय शरीराला थोडा गॅप बराच असतो.

१५ नोव्हेंबर
शेजारच्या बांधावरचा बिरजू मडावी आला. म्हणाला, "श्रीहरीभाऊ, पाय लय सुजून राह्यले. तुमचे कायनं उतरले जी?" पंधरा गोळ्यांची एक स्ट्रिप काढून दिली. दवाखान्यात दाखवू का, विचारत होता. म्हटलं, मळणीच्या दिवसांत कुठे लाइनीत बसतोस? सूज ती सूज. दहादा आभार मानून गेला. रंभाला बोललो नाही. केलेली मदत सांगत सुटायची माझी पद्धत नाही.

२२ नोव्हेंबर
माझ्या गोळ्या आधीच संपल्या. मेडिकलवर जायला वेळ नाही. गुडघा फार दुखतो. पेनकिलर घेतली, पण एकच. संध्याकाळी अजून एक.

२५ नोव्हेंबर
गोळ्या आणल्या. रक्त तपासणी तोंडावर, म्हणून बॅकलॉग भरून काढतोय. काल दोन, आज दोन. रिपोर्ट उत्तम येणार.

२६ नोव्हेंबर, दुपार
बिरजू मळणी मशीनजवळ चक्कर येऊन पडला. पिकअपमध्ये घालून कुरखेड्याच्या दवाखान्यात आणला. बीपी एकदम खाली. काय खाल्लं होतं, डॉक्टरने विचारलं. त्याच्या बायकोला, बुधरीला, काहीच माहीत नाही. मी म्हणालो, "जंगलातली काही जडीबुटी खाल्ली असेल." तोंडातून निघून गेलं.

२६ नोव्हेंबर, संध्याकाळ
डॉक्टर बुधरीवर ओरडला. कोणती मुळी दिली, घरून घेऊन ये. ती म्हणे, "नाई देल्ली जी, कोणतीच नाई." तो ऐकेना. मग ती माझ्याकडे वळली. "भाऊ, तुमी सांगा नं. तुमी तं आमाले ओळखता." मी चहा प्यायला बाहेर गेलो. ठरवलं, बिरजू सुधारला की सांगू. एकदम सांगून सगळ्यांना घाबरवायचं कशाला? टपरीवरही बुधरीचं "नाई देल्ली जी" ऐकू येत होतं. परत आलो, खिशातली स्ट्रिप टेबलावर ठेवली. "मी दिली."
डॉक्टर म्हणाला, या गोळीने बीपीही उतरतं, रक्तातलं पोटॅशियमही वाढतं, हृदय बंद पडू शकतं. पायांची सूज कशाची, ते तुम्ही तपासलं होतं का?
बुधरीने बिरजूच्या अंगावरची चादर नीट केली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२७ नोव्हेंबर
तुम्ही स्वतः गोळी कशी घेता, हेही डॉक्टरने विचारलं. गॅप, पेनकिलर, बॅकलॉग, सगळं सांगावं लागलं. ईसीजी काढला, रक्त घेतलं. मलाही ॲडमिट व्हावं लागेल म्हणे. बिरजूसोबत एकाच ॲम्ब्युलन्समध्ये गडचिरोलीला. मी बाकावर, तो स्ट्रेचरवर. रस्ताभर तोच विचारत होता, "भाऊ, धक्के तं नाई लागून राह्यले?"

२९ नोव्हेंबर
माझं पोटॅशियम उतरतंय. बिरजूची सूज हत्तीपायाची सुरुवात निघाली. त्याचं औषधच वेगळं. वेळेवर दाखवलं असतं तर बरं होतं, असं डॉक्टर म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.
गोळ्या आता रंभाच्या पिशवीत. मी हात पुढे करतो, ती एक ठेवते, गिळेपर्यंत उभी राहते.
दुपारी नर्सने बिरजूला विचारलं, शेजारच्या पलंगावरचे आजोबा तुमचे कोण? बिरजू उठून बसला. अगदी मानाने म्हणाला, "हे आमच्या गावचे डॉक्टर हायत जी."
तो चेष्टा करत नव्हता.
मी भिंतीकडे तोंड करून पडलो.