महिनाअखेरची भरती

खाडी संशोधन केंद्र, कोकण
१२ नोव्हेंबर २०२५

ती. आबांस,
सविनय जयभीम वि. वि.

मी खुशाल. फोन चिखलात पडला तो गेलाच, म्हणून हे पत्र. इथं तसाही टॉवर नाही. होडी भरतीलाच खाडीत शिरते, ओहोटीत रुतून बसते. तीच आठवड्यातून दोनदा टपाल आणते. आबा, तुम्ही कुरुंद्याच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलेला कवितेतला निळा समुद्र मला अजून दिसलेला नाही. गुडघाभर चिखलात उभी राहून मी खेकड्यांची बिळं मोजते, तिवरांची रोपं मापते. शाळेची लेकरं बघायला आली की मास्तरीण होते, तेव्हा तुमचाच आवाज काढते.

आता कामाचं. इंटर्नशिप जानेवारीत संपते. पण केंद्रात कायमची एक जागा आहे, ती मिळाली तर मी इथलीच. साहेब माझ्या नोंदींच्या वहीवर खूश आहेत. जात पडताळणीचं माझं मूळ प्रमाणपत्र कपाटात आहे. भरती महिनाअखेरीला आहे, त्याच्या आत ते इथं पोचलंच पाहिजे. झेरॉक्स चालत नाही.

आजीला जयभीम. माया आहे तशीच राहू द्या.
तुमची दीक्षा

कुरुंदा
१९ नोव्हेंबर २०२५

चि. दीक्षास,
अ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्यानं, आजीसाठी. ती म्हणाली, पोरगी चिखलात उभी राहून राहिली अन् तुमी इथं चाल लावून राहिले. खरंच लावत होतो. अख्खा वर्ग समुद्राची कविता म्हणायचा तेव्हा खिडकीबाहेर हळदीची रानं हलायची. आम्हाला त्यातच लाटा दिसायच्या.

मात्र तुझी एक चूक काढतो. महिनाअखेरीला अष्टमी येते. अष्टमीची भरती लहान, तिच्यात होडी कशी शिरेल? मोठी भरती पौर्णिमेला, चार डिसेंबरला. तुझा भूगोलाचा अभ्यास घरी मीच घ्यायचो, विसरलीस! मूळ कागद काठावर कुठं भिजत पडायला नको. म्हणून एक तारखेला वसमतहून पाठवतो, पौर्णिमेच्या होडीत बराबर बसेल. आजी म्हणते, काहून थांबता, आजच टाका. तिला भरती-ओहोटी काय ठाऊक!

लोभ आहेच, तो मागायला लावू नको.
तुझा आबा, ग्यानोबा

खाडी संशोधन केंद्र
३० नोव्हेंबर २०२५

ती. आबांस,
जयभीम.

तुमचं पत्र काल मिळालं. भरती परवा झाली.

आबा, नोकरीची भरती. पोलीस भरती असते ना, तशी. आपल्याकडं भरती म्हटलं की पोरं पहाटे सडकेवर पळायला लागतात. तुम्हालाच काहून समुद्र आठवला? मी दर होडीला धक्क्यावर उभी होते. साहेबांनी शेवटच्या दिवशी पाचपर्यंत यादी थांबवली, मग ज्याच्याकडं मूळ कागद होता त्याचं नाव घातलं. चांगला आहे बिचारा, त्याच्यावर रागही धरता येत नाही. माझी वही त्याला समजावून द्यायचं काम मलाच दिलंय.

पप्पा म्हणतील, परत ये, वसमतला शिकवण्या घे. येईन. दुसरं काय करणार?

कागद आता पाठवू नका.
दीक्षा

कुरुंदा
३० डिसेंबर २०२५

चि. दीक्षास,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तुझं पत्र यायच्या आत लिफाफा गेला होता. माझ्या गणिताप्रमाणं तो पौर्णिमेला पोचलाही असेल. त्यानंतर तुला दोन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. तुझ्या साहेबांना लिहिलं, की चूक पोरीची नाही, मराठीच्या एका निवृत्त मास्तराची आहे. एका शब्दाचे दोन अर्थ तो जन्मभर फळ्यावर लिहून द्यायचा. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. जागा भरली, दिलगीर आहोत.

आजी ताट ठेवते अन् उठून जाते. तुझा बाप भीमराज महिनाभर टपालखात्याला शिव्या देऊन राहिला, अन् मी खाली मान घालून ऐकत राहिलो. लिफाफा मीच अडवून धरला होता, हे आज त्याला सांगणार आहे.

पोरी, शिकवण्या घ्यायला येऊ नको. दुसऱ्या खाडीवर अर्ज कर, तिसऱ्या कर. अन् तो कागद घरी ठेवायला आणू नको, स्वतःजवळच ठेव. पुन्हा कुठं जागा निघाली, तर मधे मी नसावा.

या खेपेला लोभ मागत नाही. राग असेल तेवढा लिहून पाठव, पण लिही.
आबा