तीन श्वासांचा काटा

हैदराबाद, ता. १८ जून १९९५

ती. बाबांना, खुशालचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. नोकरी लागली. इलेक्ट्रॉनिक वजनकाटे करणारा लहानसा कारखाना आहे. मालक सुधाकरराव दिवसभर पान खातात आणि बोलता बोलता खिडकीतून थुंकतात. निम्मं गजांवरच राहतं, आणि त्या गजांखाली माझं टेबल. खानावळीच्या वरणात काल झुरळ निघालं. वाढप्याने ते बोटाने काढून फेकलं आणि तेच वरण पुढच्याला वाढलं. शेजारचा म्हणाला, किळस यायची बंद झाली की शहरात रुळलास असं समज. अजून रुळलो नाही.

काम असं आहे. काट्याच्या पोटात काडेपेटीहून लहान चिप असते आणि तिच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी. काट्याने काय मोजायचं आणि काय दाखवायचं ते मी लिहितो आणि यंत्राने चिपमध्ये भरतो. मग खिडकीवर कागद चिकटवायचा, कारण बरेच दिवस ऊन लागलं की आतलं सगळं पुसलं जातं. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. लागल्या लागल्या मी जुन्या चिपांचे मळके कागद सोलले, काचा पुसल्या आणि चिपा दहा दिवस गच्चीवर ठेवल्या, तुम्ही नवरात्रात मापं धुऊन उन्हात मांडता तशा. सगळ्या कोऱ्या झाल्या. सुधाकररावांनी तेलुगूत दिलेल्या शिव्या इथे लिहीत नाही, कारण पत्र ताई वाचून दाखवणार.

आता कापसाच्या काट्याचा प्रोग्राम माझ्याकडे दिला आहे. पोतं हलतं, आकडा नाचतो, कोणाला आवरेना. मला तुम्ही आठवलात. पोतं टांगलं की तुम्ही तीन श्वास थांबता आणि मगच वजन पुकारता. मी काट्यालाही तेवढंच थांबायला लावलं, आणि आकडा उभा राहिला. त्या चिपच्या कागदावर शाईने खु. रा. असं नाव आणि तारीख घातली.

एक विचारायचं होतं. बारदानाचं वजन किती धरता? मालक म्हणतात, प्रोग्राममध्ये एक वजावट लपवून ठेव.

ताईला नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.

आपला,
खुशाल

वांकिडी, ता. ३ जुलै १९९५

चि. खुशालला रामाजीचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. मोतीराम शेठच्या अडतीत तीस वर्षं मापारीपणा केला, पण माझे श्वास कोणी मोजत असेल असं कधी वाटलं नव्हतं. तुझ्या चंद्रभागाताईने तो मजकूर दोनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा मी सांगितलं नव्हतं, तिनेच वाचला.

तुझ्या मालकाच्या थुंकीचं वाचून जेवण गेलं नाही. टेबल सरकव. बापाला कळवण्याआधी एवढं सुचायला हवं होतं.

बारदान एक किलोचं धर. पण मी रिकामं बारदान सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या पारड्यात टाकतो. त्यात लपवायचं काय? तुझे आजोबा डोमाजी एकदा अर्धा किलो चुकीचं पुकारले. ध्यानात आलं तेव्हा गाडी फाट्यापर्यंत गेली होती. ती परत बोलावून त्यांनी बाजारासमोर पोतं पुन्हा तोललं आणि मगच पाणी प्याले. पहिल्या पोत्याला आपण एक म्हणत नाही, लाभ म्हणतो, ते दोन्ही बाजूंसाठी. मालकाला हे सांग.

प्रकृतीला जप. पत्रात खंड नको.

तुझा बाप,
रामाजी

हैदराबाद, ता. २० जानेवारी १९९६

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितो. आमचा एक काटा मोतीराम शेठांनी घेतला आहे, पुढच्या आठवड्यात पोचेल. मी पक्का झालो. बारदानाचं मालकांना सांगितलं, ते हसले. तो विषय आता राहू द्या. टेबल सरकवलं, पण मालकांनी पुन्हा जागेवर आणलं. खोकला आहे, काळजीचं काही नाही.

विसरू नये.

आपला,
खुशाल

वांकिडी, ता. १० मार्च १९९६

चि. खुशालला अ. आ.

तुमचा काटा आला. शेठने नारळ फोडला, गावाला सांगितलं की रामाजीच्या पोराच्या कारखान्यातला आहे. मी मिशीला पीळ दिला. आता ती मिशी काढून टाकावीशी वाटते.

परवा बयनाबाई कापूस घेऊन आली. पोतं पाठीवर घेतलं तेव्हाच मला अंदाज आला. काट्याने कमी सांगितलं. मी विचार न करता तेच पुकारलं. बाई घरून तोलून आली होती. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "रामाजी, तुमी काऊन असं करून राह्यले?" तीस वर्षांत मला कोणी असं विचारलं नव्हतं.

दुपारी अडतीत कोणी नसताना मी वीस-वीस किलोची पाच लोखंडी मापं काट्यावर चढवली. तीन श्वास थांबला आणि सत्त्याण्णव म्हणाला. मुनीम रोज सकाळी दोन बटणं एकदम दाबतो, मला वाटायचं चालू करायची तीच रीत असेल. मी ती दाबून पाहिली. शंभर झाले. पुन्हा दाबली, सत्त्याण्णव. काट्याने खोटं बोलायला हरकत नव्हती रे, पण माझ्यासारखं थांबून, विचार केल्यासारखं दाखवून बोलतो, त्याची शिसारी आली.

शेठला विचारलं तर तो म्हणतो, पोराच्या कारखान्याचा काटा आहे, पोरालाच विचार. म्हणून विचारतो. ती बटणं कोणाची?

रामाजी

हैदराबाद, ता. २५ सप्टेंबर १९९६

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

सहा महिने लिहिलं नाही. काय लिहावं ते सुचत नव्हतं. दोन बटणांचं काम इथल्या दुसऱ्या एका मुलाने केलं. मी फक्त आकडा थांबवण्याचं केलं. मालकांचा, कारखान्याचा मला वीट आला आहे, जेवताना हात चिकट वाटतात.

एक उपाय आहे. नवरात्रात तुम्ही मापं धुऊन उन्हात ठेवालच. या वेळी काटाही पूजेत घ्या, शेठ नाही म्हणणार नाहीत. पाठीमागचे चार स्क्रू काढा. कागद लावलेली चिप दिसेल. कागद सोला, काच पुसा आणि झाकण उघडं ठेवून दसऱ्यापर्यंत उन्हात राहू द्या. काटा मुका होईल. कोणाला कळणार नाही, आणि तुम्ही जुना तराजू टांगाल.

हे पत्र वाचून जाळा. मला दूर करू नका.

आपला,
खुशाल

वांकिडी, ता. १३ ऑक्टोबर १९९६

खुशाल,

आज घट बसले. मापं चिंचेने घासून अंगणात मांडली. काटाही आणला, चार स्क्रू काढले. कागद दिसला. त्यावर खु. रा. आणि खाली यंदाच्या जानेवारीची तारीख. तुझा ख मी ओळखतो. पाटीवर हात धरून मीच गिरवून घेतला होता, अजूनही अर्धा र आणि अर्धा व असाच काढतोस.

शेठ चोर आहे हे मला ठाऊक होतं. तुझा पानखाऊ मालकही असेल. त्यांची किळस आली तरी माणूस अंघोळ करून मोकळा होतो. तुझ्या मागच्या पत्राची किळस अंघोळीने जात नाही. लपून लिहिलंस, आता लपून पुसायला लावतोस, तेही देवीच्या आडून, बापाच्या हाताने.

मी कागद सोलला नाही. झाकण परत लावलं. मार्चपासून मी आकडा पुकारत नाही, मुनीम पुकारतो. शेठने सांगितलं आहे की दसऱ्यानंतर पुकार, नाहीतर घरी बस. मी घरी बसेन. पण गाव म्हणेल की रामाजी म्हातारा झाला म्हणून बसला, आणि काटा तसाच बोलत राहील.

आपल्या घरात चुकीचं पुकारणाऱ्याने काय करायचं असतं ते तुला लिहिलं होतं.

रामाजी

हैदराबाद, ता. १७ ऑक्टोबर १९९६

ती. बाबांना, शि. सा. न. वि. वि.

त्या बटणांचं काम मीच केलं. मालक म्हणाले, हे कर तर पक्का करतो, आणि मी एका दुपारीत केलं. कठीण काहीच नव्हतं.

काल काम सोडलं. दसऱ्याच्या सकाळच्या गाडीने येतो, हे पत्र कदाचित माझ्यानंतर पोचेल. नवी चिप भरून आणतो. ती तीन श्वास थांबते आणि खरं सांगते, दुसरं काही तिला येत नाही. शेठ लावू देतील असं वाटत नाही, अडतीबाहेर काढतील. तरी जुनीवरचा कागद लोकांसमोर मीच सोलीन आणि तो कोणी लावला होता ते सांगेन. तुमच्याजवळ उभं राहू द्याल की नाही ते तुम्ही ठरवा.

बयनाबाईंना एक पोतं घेऊन यायला सांगा. ते तुमच्या तराजूवर तोला आणि तुम्हीच लाभ म्हणा. मग तेच माझ्या काट्यावर ठेवू. तिथला आकडा मी पुकारीन.

नव्या चिपच्या कागदावरही नाव घातलं आहे. तेच आहे.

खुशाल