खिडकीतून टाकलेला रुमाल

सोम., ६ जाने.
आजही राऊत सरांनी खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरली. अमरावती स्टँडवर अकोल्याची गाडी लागली की सगळे धावतात. सदुसष्टाव्या वर्षी सरही. दर सोमवारी मी लेकीकडे नातीला सांभाळायला, ते बहिणीकडे. "बसा मॅडम," म्हणून स्वतः उभे, मूर्तिजापूरला गाडी रिकामी होईपर्यंत.
कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, आभार मानताना डोळ्यांत बघावं. बघितलं.

मंगळ., ७ जाने., अकोला
अंजूला सांगितलं. चूकच.
"आई, तुला हात नाहीत? पुरुषानं कशाला धरायची तुझी जागा? लोकही बोलतात. यापुढे रेल्वेनं ये."
तिचे बाबा गाडीत पुढे चढून बसायचे. मी मागून, दोन पिशव्या, कडेवर अंजू. तेव्हा मला हात किती, कुणी विचारलं नाही.

सोम., १३ जाने.
बसनेच. मुद्दाम.
सरांना सगळं सांगून टाकलं. हसले. "लेकीचं खरं आहे. तुमाले गरज नाई. मले बरं वाटते, म्हणून टाकतो."
उद्याचा तीळगूळ आजच दिला.

सोम., २० जाने.
सर नाहीत. फोन केला, पहिल्यांदाच. जिन्यात घसरले, गुडघा सुजलाय. "पुढच्या सोमवारी येतो. पण मॅडम, धावता नाई येणार." जणू गुन्हाच केलाय.
मूर्तिजापूरपर्यंत उभी. पोटऱ्या भरून आल्या. ते दर सोमवारी...

रवि., २६ जाने.
अंजूचा फोन. "उद्या तरी रेल्वेनं?" नाही म्हटलं.
शाळेत भरलेला, कोपऱ्यात जांभळी फुलं असलेला रुमाल सापडला. इस्त्री केली.

सोम., २७ जाने.
गाडीतच, उभ्यानं लिहितेय, अक्षर वाकडं.
पदर खोचून धावले. टाकला रुमाल. शेजारची बाई म्हणाली, "कोनासाठी वो मावशी, एवढी घाई?"
"सरांसाठी." मोठ्यानं.
काठी टेकत आले. रुमाल पाहून थबकले. "बाईमानूस उभी अन् मी बसू? नाई जमत."
"मग तुम्ही उभे नि मी बसलेली, ते कसं जमायचं? मलाही बरं वाटतं, म्हणूनच टाकला."
सर बसले नाहीत. मीही नाही.
कंडक्टर वैतागला. "वो सर, वो मावशी, सीट काहून रिकामी ठेवून राहिले?" सगळी गाडी हसली. तरी तिथं कुणी बसेना.
बडनेरा गेलं. सीटवर एकटा रुमाल. सर दांडा धरून खिडकीबाहेर बघतायत, सारखा पाय बदलतात. दुखतोय, दिसतंय मला.
मी हटणार नाही. मूर्तिजापूर अजून लांब आहे.