वेखंड झिजत नाही

देवरूख,
कार्तिक वद्य पंचमी, १९८४

तीर्थरूप गोदाअक्काच्या चरणी हरिहरचा साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? केळशीच्या खाऱ्या वाऱ्याला दोष देऊ नकोस, तू सारखी माडीवर चढतेस. आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

अक्का, आमच्या घरात काहीतरी शिजतंय. नात मृदुला अडीच वर्षांची होत आली, तरी तोंडातून अक्षर नाही. (कान उत्तम आहेत, डॉक्टरांनी तपासले. गुळाच्या डब्याचं झाकण उघडलं तर तिला परसातून ऐकू येतं.) मुंबईचं पाळणाघर बोलतं मूलच घेतं, म्हणून ती बोलू लागली की सूनबाई पद्मजा तिला घेऊन जाणार, हे ठरलेलं. त्यासाठी पद्मजाने वेखंडाचं कांडं पाठवलंय. रोज सहाणेवर उगाळून मधातून चाटवायचं. आमची उमा रोज सकाळी सहाण घेऊन बसते, मध संपत आला, पण कांडं आहे तेवढंच आहे. मी जन्मभर गणित शिकवलं, झीज मला कळते.

परवा उमा पोरीला घेऊन गोठ्यात गेली. आतून कुजबूज येत होती, मी खाकरलो तर सगळं चिडीचूप. विचारलं तर म्हणाली, गाईशी बोलत होते. (लग्न झाल्यापासून माझ्याशी इतकं बोललेली नाही.) शिवाय पोरीने बोट दाखवायचा अवकाश, वस्तू हजर. मागितल्याशिवाय देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी उमाला हे ठणकावून सांगत होतो, तेव्हा मृदुलाने माझ्या चष्म्याकडे बोट दाखवलं. तो दिला, ते अलाहिदा. पण सख्ख्या आजीने नातीची वाचा अडवून धरावी, हे तुला तरी पटतं का?

तुझा,
हरिहर

ता. क. मृदुला बोलते. गेल्या आठवड्यात फणसाखाली मला म्हणाली, "आजोबा, बस." बसलो, आणि डोळे भरून आले. ही गेली तर घर खायला उठेल गं. मी कोणाला सांगितलेलं नाही, आजीसमोर बोलायचं नाही असं पोरीलाही बजावलंय. पद्मजाचा आमच्या दोघांवर विश्वास नाही (का, कोण जाणे), तुझ्यावर आहे. तू दिवाळीत पोरीला पाहून गेलीसच, तर पद्मजाला एवढंच कळव की अजून काही चिन्ह नाही, आणि काळजीही नको, हरिहरसुद्धा उशिराच बोलला होता. आंबे होईपर्यंत निभावून ने.

ता. क. २. पाकीट चिकटवत होतो, तोच माजघरातून उमाचा आवाज आला, "आजोबांसमोर बोलायचं नाही हां, ते मुंबईला कळवतील." मृदुला म्हणाली, "बरं."

मलाही ती असंच म्हणाली होती.