पोटात पंखा असलेली बोट

॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥

राजमान्य राजश्री हंबीरराव यांस, तुमच्या थोरल्या बहिणीशी लग्न करून तुमचा दाजी झालेल्या गृहस्थाचा सप्रेम नमस्कार. आणि तुम्ही वयानं लहान असल्यामुळे, निरुपायानं, आशीर्वादसुद्धा. इकडे सर्व क्षेम. तिकडे कागलला सासुरवाडीच्या माडीवर तुमचंही क्षेम असणारच, कारण रुसून आलेल्या जावयाला तिथे दोन्ही वेळा मटण वाढतात असं कानावर आलं आहे. जावयानं सासुरवाडीत किती राहावं याविषयी मी काही लिहिणार नाही. मी स्वतः सासुरवाडीच्या गावात घर बांधून बसलेला माणूस. त्या विषयावर मौन हाच माझा पक्ष.

पत्राचं कारण मात्र गंभीर आहे. आपल्या तालमीनं घेतलेल्या नव्या जेट बोटीत पेला ठेवण्यासाठी खळगे केलेले आहेत. चालवणाऱ्याच्या उजवीकडे आहेत, डावीकडे आहेत, मागच्या बाकाच्या हातावर आहेत, माणूस बसू शकणार नाही अशा पुढच्या टोकालाही आहेत. यांपैकी एकाही खळग्यात आपल्याकडचा चहाचा काचेचा ग्लास राहत नाही. तो सरळ तळाशी जातो आणि तिथे समाधी घेतो. चहा प्यायचा तर ग्लास बाहेर काढला पाहिजे, आणि तो काढायला कडेनं चिमूट शिरेल एवढी जागा ठेवायला कारागीर विसरला आहे. शेवटी संयोगितानं (म्हणजे तुमच्या बहिणीनं, तोंडावर नाव घेतलेलं तिला खपत नाही, पत्रात चालतं) पोह्याच्या चमच्यानं तो चहा उपसला. मी कंपनीलाच खरमरीत लिहिणार होतो. पण कंपनी उत्तर पाठवते आणि तुम्ही पाठवत नाही, तेव्हा मनातलं लिहायला तुम्हीच बरे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हे पत्र तुम्हाला परत बोलावण्यासाठी नाही. आषाढात पंचगंगा पात्र सोडते, आपली खालची गल्ली सगळ्यांत आधी बुडते, आणि मागच्या दोन्ही महापुरांत त्या गल्लीतली माणसं जुन्या बोटीतून तुम्हीच बाहेर काढलीत, हे गाव विसरलेलं नाही. नवी बोटसुद्धा त्याच कामासाठी घेतली आहे. आता ती चालवणारा कुणी नाही, एवढीच काय ती किरकोळ उणीव. त्याचं कुणाला काहीही वाटत नाही. संध्याकाळी सगळे तालमीच्या कट्ट्यावर बसून आभाळाकडे बघतात, पण ते हवा खायला.

नव्या बोटीच्या पूजेला तुम्ही फेटा बांधून नारळ फोडायला हात पुढे केलात, नारळ तालमीचे अध्यक्ष म्हणून विजयसिंहांच्या हाती गेला, आणि तुम्ही फेटा घाटावर टाकून बुलेटला किक मारलीत. त्यामुळे पुढचं तुम्ही पाहिलं नाही. ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

जुनी बोट आपल्याकडे आली तीच कुठल्याशा धरणावर पर्यटकांना फिरवून दमलेली. अंगावर दात विचकणारा मासा रंगवलेला, आणि सुरू व्हायला तिला शिव्या लागत. त्याही तुमच्याच लागत, माझ्या शिव्या तिला कळत नसत (मी देववाणीत देत असे). नवी बोट बटण दाबलं की सुरू होते आणि इतकी हळू बोलते की सुरू आहे की नाही ते शेजाऱ्याला विचारावं लागतं. सरपंच बनाबाईंनी लगेच शंका काढली, "आवाजच न्हाय तर छपरावरच्या माणसाला कळायचं कसं बोट आली म्हणून?" कंपनीकडून पुण्याहून आलेला साहेब म्हणाला, "मॅडम, स्पीकर्स आहेत ना." आहेत खरे. यंदा गणपतीत डॉल्बी लावायचा नाही, ते पैसे बोटीला द्यायचे, असा आपल्या तालमीनं थोर त्याग केला होता. त्या त्यागातून बोट आली, आणि बोटीतून डॉल्बी निघाला.

मग पूजा. जुन्या बोटीची पूजा आपण कधी केलीच नव्हती. आधीच्या मालकानं केली असेल असं धरून चाललो होतो. त्याची सगळी भरपाई या वेळी झाली. बोट पाण्यात सोडून घाटाला बांधली. दोन्ही अंगांना केळीचे खुंट, नाकावर लिंबू-मिरची, आणि झेंडूच्या माळा तर इतक्या की बोटीचा रंग कोणता हे सांगता येईना. बनाबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या आणि त्यांनी विचारलं, "कुंकू लावायचं ते तोंडाला. हिचं तोंड कुठलं?" सगळे माझ्याकडे बघू लागले. संस्कृत शिकवणाऱ्या माणसाला हे सर्व माहीत असतं असा लोकांचा समज आहे आणि तो मी आजवर मोडू दिलेला नाही. मी म्हणालो, जिथे उजेड दिसतो ते मुख. (आधार काही नाही. पण लोक ताटकळले होते.)

बोटीत उजेड दिसतो तो समोरच्या काचेच्या पडद्यावर. तो पडदा स्पर्शानं चालतो. बनाबाईंनी ओल्या हळदीनं त्यावर स्वस्तिक काढलं, मधे कुंकवाचे ठिपके दिले, आणि पडद्यानं ती आज्ञा समजून शिरसावंद्य मानली. स्पीकर पूर्ण आवाजात सुरू झाले, पुढचे दिवे लुकलुकू लागले आणि पडद्यावरची भाषा बदलून कुठल्या तरी परमुलखाची झाली. ती अजून तशीच आहे. मी रोज तिचा अभ्यास करतो. आतापर्यंत दोन शब्द लागले आहेत, त्यांतला एक चूक असावा.

आता त्यानंतरची गंमत. पूजा झाली की फुलं पाण्यात सोडायची, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं. 'निर्माल्य नदीत टाकू नये' असा फलक घाटावर आहे. तिथे सावली असल्यामुळे सगळ्यांनी त्याच्याच पायाशी उभं राहून फुलं सोडली. माळा, पाकळ्या, नारळाच्या शेंड्या, सगळं बोटीभोवती तरंगायला लागलं. दृश्य फार सुंदर होतं. या बोटीला बाहेर पंखा नसतो, तो पोटात असतो. ती पोटाखालून पाणी ओढते आणि मागून फेकते, म्हणून तर पुरात बुडणाऱ्या माणसाला तिच्यापासून इजा नाही, हे तुम्ही आम्हाला हजार वेळा ओरडून सांगितलं आहे. पण पाणी ओढणारं पोट झेंडूही ओढतं, हा विचार एवढ्या गर्दीत एकालाही शिवला नाही. विजयसिंह चालवायला बसले, मी माहितीपुस्तक उघडून शेजारी, बनाबाई मागे. बोट ऐटीत नदीच्या मध्यावर गेली, तिथे तिनं एक खोल ढेकर दिली, आणि थांबली. इंजिन चालू, बोट जागच्या जागी. कंपनीचा साहेब काठावरून शुद्ध मराठीत सूचना देत होता. त्या वाऱ्यानं नेल्या, आणि आम्हाला प्रवाहानं.

आम्ही वाहत वाहत लागलो ते बरोबर पलीकडच्या गावाच्या घाटाला. होड्यांच्या शर्यतीत ज्यांना आपण दरवर्षी हिणवतो, त्याच गावाच्या. तिथे एक गृहस्थ म्हैस धूत होते. त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पावणं, वल्ही इसरली व्हय?"

"ट्रायल चाललीया," विजयसिंह म्हणाले.

"व्हय व्हय, दिसतंय की! नदी फस्कलास चालीवतीया तुमाला."

त्यांनी चहा पाजला. (ग्लासात. हातात धरून. अमृत.) मग कंपनीचा साहेब पुलावरून फिरून आला, मागचं झाकण उघडून त्यानं हात आत घातला आणि ओढायला सुरुवात केली. माळेमागून माळ, मग केळीचं पान, मग नारळाची शेंडी, शेवटी लिंबू. आपला सगळा सोहळा उलट्या क्रमानं बाहेर आला. काठावर जमलेलं परगाव टाळ्या वाजवत होतं.

पण हंबीरराव, हे सगळं हसण्यावारी गेलं. बोट साफ झाली. खरी अडचण त्यानंतर कळली.

माहितीपुस्तक इंग्रजीत असल्यामुळे आणि ते मी वाचलेलं असल्यामुळे तालमीनं मला एकमतानं पर्यायी चालक नेमलं. (उद्या कुणी शस्त्रक्रियेचं पुस्तक वाचलं तर त्याच्यापासून गावानं जपून राहावं.) त्या पुस्तकात ठळक अक्षरांत छापलं आहे: या बोटीला सुकाणू नाही. मागून फेकलेलं पाणीच तिला वळवतं. रेस असेल तर ती वळेल, रेस सोडली तर नाही. नव्या बोटीत त्यावर काही उपाय केला आहे म्हणतात, पण तो अंमळ लाजरा आहे. म्हणजे समोर भिंत दिसली तर भिंतीकडे बघत रेस द्यायची आणि मग वळायचं. मी हे वाचलं, खाली रेघ मारली, शाळेतल्या सवयीनं दोनदा मोठ्यानं म्हटलं. नंतर बोट घेऊन निघालो. समोर आपला घाट आला, घाटाच्या पायरीशी पाण्यात केरबाची म्हैस बसलेली. मी घाबरलो आणि रेस सोडली. स्टेअरिंग पूर्ण फिरवलं. बोट अत्यंत सभ्यपणे, नाकासमोर, सरळ म्हशीकडे निघाली. म्हशीनं मान वळवून पाहिलं आणि परत रवंथ सुरू केलं. मधे जलपर्णीचा गालिचा आला म्हणून बोट त्यात रुतून थांबली. पंचगंगेतल्या जलपर्णीविरुद्ध मी आजवर वर्तमानपत्रांना जेवढी पत्रं लिहिली, ती सगळी या पत्रानं मागे घेतो.

माझ्यानंतर विजयसिंह बसले. त्यांनीही सोडली. तालमीतली ती मोठाली पोरं, जी कुस्तीत कुणाला हार जात नाहीत, त्यांनीही काठ दिसताच सोडली. चांगल्या माणसाचा हात भीती वाटली की मागे येतो, त्याला काय करणार? आख्ख्या गावात भीती वाटल्यावर रेस वाढवणारा माणूस एकच. उचगावच्या चौकात समोरून ट्रक आला तेव्हा मी तुमच्या मागे बुलेटवर बसलो होतो, मला अनुभव आहे. पुतणीच्या लग्नात मानपानावरून बोलणं अंगाशी आलं, तेव्हाही तुम्ही आवाज खाली आणण्याऐवजी चढवलात. तुमचा हा स्वभाव जमिनीवर कुठेही उपयोगाचा नाही. आम्ही सगळे तो सुधारावा म्हणून नवस बोललो होतो. पण ही बोट ज्यानं घडवली, त्यानं नेमका तोच स्वभाव समोर ठेवून ती घडवली आहे.

काल सासूबाईंना, म्हणजे तुमच्या आईंना, बोटीत चढउतार करण्याचा सराव म्हणून घाटावर आणलं होतं. खालच्या गल्लीत पहिलं पाणी त्यांच्याच उंबऱ्याला लागतं. त्यांनी बोट बघितली, गादीवर हात फिरवला, आणि पायरीवर बैठक मारली.

"बोट झ्याक हाय. पर हंबीर आल्याबिगर म्या न्हाय चढायची."

मी म्हटलं, "मामी, हंबीरराव येईपर्यंत मी आहेच की."

"म्हणून तर म्हंते, जावईबापू. म्हस वाचली ती तिच्या नशिबानं. माजं नशीब मला ठावं हाय."

असो. पत्र लांबलं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, तुमच्या सासऱ्यांना विशेष नमस्कार आणि सहानुभूती. इकडची काळजी करू नये.

तुमचा,
दाजी

ता. क. विजयसिंह परवा घरी आले होते. दोनदा चहा घेतला, पावसाविषयी बोलले, उसाविषयी बोलले, तुमचं नाव काढलं नाही. निघताना उंबऱ्याशी एक नारळ ठेवून गेले. कुणासाठी ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही, पण शेंडीला हळद लावलेली होती. एका बोटीची पूजा दोनदा करता येते का, असा प्रश्न कुणी काढलाच, तर त्याला शास्त्राधार माझ्याकडे तयार आहे. सापडलेला नाही, रचतो आहे. पूजा या वेळी कोरड्या जमिनीवर होईल.

ता. क. दुसरा. तुमची बहीण म्हणते, त्याला लिहा की रुसवा संपला नसेल तर इथे येऊन रूस म्हणावं, जागा आहे.

ता. क. तिसरा. वर लिहिलं की हे पत्र तुम्हाला बोलावण्यासाठी नाही, ते खरं नाही. धरणाकडे दोन दिवस पाऊस थांबलेला नाही. नदीचा रंग बदलला आहे. बोट भरवशाची आहे, तिच्यात खोट नाही. मला भीती पाण्याचीही वाटत नाही. तुमच्या आई माडीच्या खिडकीत उभ्या असतील, मी बोट घेऊन गल्लीत शिरेन, समोर भिंत येईल, आणि माझा हात रेसवरून सुटेल, याची भीती वाटते. तो सुटतो. मी पाहिलं आहे.