हिरव्या साडीची बातमी

लोहारा, २१ डिसेंबर २०२५

चि. रणधीर यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं हो-हो म्हणून सुटतोस, म्हणून पत्र.

परवाची तुझी बातमी हर्षालीनं मोबाइलवर वाचून दाखवली. अमावास्येच्या तिन्हीसांजेला शेतात अघोरी पूजा, कडब्याच्या खोपीवर बाईची हिरवी साडी, आत चुना फासलेले पाच दगड, पिकाभोवती पेटता पेंढा फिरवणारा इसम, आणि शेवटी, महिला बेपत्ता?

अरे शहाण्या, शेत आपलं, इसम म्हणजे आमचे हे, तुझे मामा, आणि साडी माझी! बेपत्ता महिला ठणठणीत आहे. येळवस होती ती, वेळ अमावास्येचा सण. खोप नटवायची, पाच पांडव पुजायचे, भाज्या-डाळींची भज्जी नि आंबील खायची, पिकाला ओवाळायचं. तू चंद्रपुरात वाढलास, हा काही तुझा दोष नाही. पण बस दहा मिनिटं बंद पडून उभी होती म्हणतोस, तर उतरून विचारायचंस. शेजारचे जैनोद्दीनभाई तिथंच जेवत होते, त्यांनी सगळं सांगितलं असतं.

पोलीसपाटील मला शोधायला आले आणि माझ्याच हातचा चहा पिऊन गेले. इथवर हसू आलं. पण फोटोत विहिरीवरचं मामांचं नाव स्पष्ट दिसतंय. पुढच्या रविवारी आमच्या हर्षालीला बघायला वाशीची मंडळी येणार होती. त्यांनी सध्या राहू द्या म्हणून कळवलं. पोरगी धड जेवत नाही. मला फार राग आलाय, बाळा.

तुझी
द्वारकाआत्या

धाराशिव, २३ डिसेंबर २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पत्र आज मिळालं. शरमेनं मान वर होईना. मागच्या सीटवर दुसऱ्या पोर्टलचा बातमीदार होता. त्याच्याआधी टाकायची म्हणून खिडकीतूनच फोटो काढले. साडी दिसली, बाई दिसली नाही, आणि मी लिहून मोकळा झालो. पुढं प्रश्नचिन्ह टाकलं की आपली जबाबदारी संपते, असं मला वाटायचं.

संपादक म्हणाले, चाळीस हजार लोकांनी पाहिलीय, आता गुपचूप काढून टाक, खुलासा कशाला. मी ऐकलं नाही. येळवस काय असते ते लिहिलं, शेत माझ्या मामांचं आणि चूक माझी, हेही नावानिशी लिहिलं. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. मामा फार रागावलेत का, तेवढं कळवा.

आपला
रणधीर

लोहारा, ३० डिसेंबर २०२५

चि. रणधीर यास आशीर्वाद.

मामा कसले रागावतात! बायको हरवल्याची बातमी आली तरी दोन वेळचं गरम जेवण चुकलं नाही, असं चावडीवर सांगत फिरतात.

तुझा खुलासा म्हणे तीनशेबारा जणांनीच वाचला. त्यात वाशीच्या त्या मुलाचे, युवराजचे, वडील होते. काल त्यांचा फोन आला. म्हणाले, लपवायची सोय असताना ज्या घरचा पोरगा चूक कबूल करतो, त्या घरची मुलगी आम्हाला बघायचीच आहे.

येत्या रविवारी येताहेत. हर्षालीनं तुला अजून माफ केलेलं नाही, पण पोहे तुझ्या हातूनच द्यायचे असं ठरवलंय. सकाळच्या गाडीनं ये. लोभ आहेच, तो कुठं जातोय.

तुझी
द्वारकाआत्या